वाकड्या झाडाचा किनारा

१० नोव्हेंबर

ताई,

‘मी दिसेनासा झालो तरी जागा सोडायची नाही.’ बाबांचं हे वाक्य परवा भर दुकानात असं कानाशी आलं की हातातला मोजायचा टेप सुटला आणि सर्रकन गुंडाळला गेला.

झालं असं. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं पडद्याचं कापड बघायला आलं होतं. ती दातांची डॉक्टर. तो काय करतो ते कळलं नाही, कारण बोलत सगळं तीच होती. दहा ठाण उलगडून झाले तरी एक पसंत पडेना. मग मध्येच तिने फोन काढला आणि फिरायला कुठे जाणार ते मला दाखवायला लागली. वर लिहिलेलं, ‘नुकतेच सापडलेले निर्जन किनारे’. खाली फोटो. पहिला फोटो बघितला आणि मी म्हटलं, “अहो, हा तर काकूंचा किनारा.”

“कोणाच्या काकू?” तिने विचारलं.

आता तिला काय सांगायचं? आमच्या शेजारच्या काकू नळाला पाणी आलं की कळशी घेऊन जशा तिरक्या धावायच्या, तसे तिथले खेकडे धावतात, म्हणून आम्हा बहिणींनी ते नाव ठेवलं होतं? पण सांगितलं. मग थांबवेनाच. आई गेल्यावर घरात आम्हाला सांभाळायला कोणी नव्हतं. बाबा बंदर खात्यात, आमच्या बेटाभोवतीच्या खडकांवर जे दिवे आहेत त्यांची देखभाल करणारे. मग ते आम्हाला लाँचमध्येच घालून न्यायचे. गॅसच्या टाक्या बदलताना मुली पायात नकोत, म्हणून दिव्याजवळ जी वाळू दिसेल तिथे डबा देऊन उतरवायचे आणि काम झालं की येऊन उचलायचे. जितके दिवे तितके किनारे. तिथे ना रस्ता, ना घर, ना माणूस. आपण दोघी आणि आपली पावलं.

“म्हणजे तुमचं सगळं लहानपण सुट्टीत गेलं,” डॉक्टरीण म्हणाली. मी हो म्हटलं. पण ती सुट्टी नव्हती, ताई. तू माझी वेणी मुठीत धरून बसायचीस आणि बाबांची लाँच टेकाडामागे गेली की माझ्या पोटात खड्डा पडायचा. तो खड्डाही आता मला हवासा वाटतो. वय झालं म्हणायचं.

आणि म्हणे सापडलेले. हरवले होते कधी?

आपला वाकड्या झाडाचा किनारा त्या फोटोंत कुठेच नव्हता. मला किती बरं वाटलं. तो अजून आहे ना? ते झाड तसंच पाण्यावर ओणवं आहे का, न्हाणीघरात केस धुवायला वाकलेल्या बाईसारखं?

हे दोघं पुढच्या महिन्यात तिकडे येतायत. बाबांच्या जागी आता दिव्यांच्या सोलर प्लेटा पुसायला तू जातेसच, तर त्यांना एक फेरी घडव. त्यांच्या हाती तुझ्या खिडकीचा पडदा पाठवते. माप कळव. फोनवर विचारलं तर तू ‘बरं आहे’च्या पुढे जात नाहीस, आणि तुझ्या क्वार्टरमध्ये अर्धे शब्द भिंतीतच अडकतात. म्हणून पत्र.

तुझी शेपूट


२४ नोव्हेंबर

शेपूट,

वाक्य अर्धंच लिहिलंस. पुढचं अर्धं असं होतं: ‘आणि मी हाक मारली की पहिल्या हाकेला होडीत बसायचं.’ तुझ्या सोयीचं नव्हतं, म्हणून विसरलीस. खरं तर दोन्ही अर्धी तुझ्यासाठीच होती. मला काही सांगावं लागायचं नाही. आधी तू जागेवर थांबायची नाहीस, आणि बाबा आले की ‘आले, आले’ करत शिंपले निवडत बसायचीस. बाबांची तिसरी हाक झाली की मी तुला काखोटीला मारून आणायची. माझी कंबर तेव्हापासून दुखते आहे. दुकानातल्या बायकांना हेही सांग.

झाड आहे. आणखी थोडं वाकलंय, एवढंच. त्याचंही वय झालं.

त्या झाडाने आपल्याला वाचवलं ते तुला आठवतं का? तू सात वर्षांची असशील. बाबांच्या लाँचच्या इंजिनाने मान टाकली होती आणि ते पलीकडच्या दिव्याशी अडकले होते. आपला डबा संपला, पाणी संपलं, भरती चढायला लागली. तिथली वाळू म्हणजे हातरुमालाएवढी. मागे उभा कडा. तू मला विचारलंस, “ताई, जागा सोडायची का?” मी म्हटलं, “जागा सोडायची नाही, जागेवरच उंच व्हायचं.” तुला खोडावर चढवलं, मागून मी चढले. खालून पाणी आलं. तू रडलीस, मग मला सगळी गाणी म्हणायला लावलीस, मग झोपलीस. बाबा आले तेव्हा काळोख पडत आला होता. त्यांना आपण दिसेनाच. त्यांनी हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज फाटलेला होता. त्या दिवशी मात्र तू पहिल्या हाकेला उठलीस.

होडीत त्यांनी आपल्या डोक्यांवरून हात फिरवला, आधी तुझ्या, मग माझ्या, मग परत तुझ्या. जणू एखादी कमी भरेल.

तुझे पाहुणे येऊ देत. नेईन. डॉक्टरणीला म्हणावं बोटीत गप्प बसायची सवय कर, मला इंजिन ऐकावं लागतं.

खिडकीचं माप सोबतच्या चिठ्ठीवर आहे. रंग कुठलाही पाठव, निळा पाठवू नको. निळा मला खिडकीबाहेर फुकट दिसतो.

ताई


५ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझं अक्षर एकदम केवढं मोठं झालंय. एका ओळीत चार शब्द. पहिल्यांदा वाटलं, बेटावर कागद स्वस्त झाला. मग वाटलं, बाई निवांत झाली, हात सैल सोडून लिहायला लागली. नाहीतर पूर्वी तुझ्या पोस्टकार्डावर मुंगीला पाय ठेवायला जागा नसायची.

झाडाचं वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. मला खोडाची खरखरीत साल आठवते, पोटाखाली. तुझा हात आठवतो, माझ्या फ्रॉकची गाठ धरलेला. पाणी आठवत नाही. तू मला पाणी दिसूच दिलं नसशील.

पण ताई, त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट आहे. भरती यायच्या आधीची. ओहोटीने खडक उघडे पडले होते आणि मी तुझ्या हातून वेणी सोडवून पळाले. खडकांच्या मधून वाट होती, शेवाळाची, घसरडी. तू मागून ओरडत आलीस. आणि त्या वाटेच्या टोकाला आणखी एक किनारा निघाला. आपल्या घराच्या ओसरीएवढा. तिन्ही बाजूंना काळा खडक, मधोमध पांढरी वाळू, आणि त्या वाळूवर एकाही पक्ष्याचं पाऊल नव्हतं. तू मला फटका मारायला हात उचलला होतास, तो तसाच राहिला. आपण किती वेळ उभ्या होतो कुणास ठाऊक. वाळूवर पाय ठेवावासा वाटेना. मग तू म्हणालीस, “एकदम ठेवू या,” आणि दोघींनी एकदम ठेवला. त्याला आपण नावही दिलं नाही. ‘पलीकडचा’ म्हणालो, एवढंच. बाबांना सांगायचं नाही असं ठरलं, आणि त्यानंतर आपण त्याबद्दल एकमेकींशीही कधी बोललो नाही.

आहे ना तो? मी नवऱ्याला आणि मुलांना इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच शंका येते. नवरा म्हणतो, “तुझ्या प्रत्येक गोष्टीत एक जास्तीचा किनारा असतो.” मुलं तर मला चिडवतात. भाजी करपली की म्हणतात, आई पलीकडे गेली होती.

मी इथे लोकांच्या खिडक्या मोजत फिरते. बहुतेक खिडक्यांसमोर दुसरी खिडकी असते. लोकांना बाहेरचं दिसायला हवं असतं आणि आपलं आतलं दिसायला नको असतं, त्यावर माझं पोट चालतं. एखाद्या घरी खिडकी उघडली आणि समोर मोकळं आभाळ निघालं की मला तो ‘पलीकडचा’ आठवतो आणि मी माप चुकवते.

पडदा पाठवते आहे. रंग सांगत नाही. पुडकं उघडलंस की मला चार शिव्या घालशील, त्या पत्रात लिहून पाठव. तुझ्या हातच्या शिव्या खाऊन फार दिवस झाले.

तुझी शेपूट


२७ डिसेंबर

शेपूट,

पाहुणे आले आणि गेले. चांगली आहेत दोघं. तो होडीत माझ्यासारखाच गप्प होता, त्यामुळे आमचं जमलं. डॉक्टरणीने मला आ करायला लावून माझे दात बघितले. म्हणाली, या वयात असे दात बघायला मिळत नाहीत. मी म्हटलं, खाऱ्या वाऱ्यात मुरलेत.

पाच दिव्यांची फेरी केली. समुद्रपक्ष्यांनी प्लेटांवर नेहमीप्रमाणे कृपा केली होती. बाबांच्या वेळी टाक्या उचलून खांदे जायचे. आता मी बादली आणि फडकं घेऊन पक्ष्यांच्या मागे फिरते. बाबा असते तर म्हणाले असते, पोरीला बढती मिळाली.

वाकड्या झाडाच्या किनाऱ्यावर त्यांना उतरवलं. झाडाखाली बसून दोघांनी डबा खाल्ला. मला थोडा उशीर झाला, प्रवाह उलटा होता. काही विशेष नाही.

पडदा लावला. मापाला अगदी बरोबर. करडा रंग छान आहे, मळखाऊ. शिव्या कशाला घालू? उलट म्हटलं, शेपटीला अक्कल आली.

‘पलीकडचा’ आहे. ओहोटीला वाट अजून उघडते. नवऱ्याला सांग, जास्तीचा नाही, मोजलेला आहे.

ताई


९ जानेवारी

ताई,

डॉक्टरीण काल तिचे पडदे न्यायला आली होती. चहा मागवला. ती बसली, फोन काढला आणि न बोलता मला फोटो दाखवायला लागली. ती न बोलता म्हटल्यावर मी हातातला कप खाली ठेवला.

फोटोंमध्ये आपला किनारा आहे, ताई. तोच कडा, तीच रुमालाएवढी वाळू. झाड नाही. कापलेलं नाही, मोडलेलं आहे, पार बुंध्याशी. मी विचारलं, “झाड कुठाय?” तर ती म्हणाली, “झाड कसलं? ओंडका होता, शिंपले धरलेला. वर्षं झाली असतील पडून. तुमच्या ताई म्हणाल्या ‘झाडाखाली बसा,’ आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि उन्हात बसलो.”

मग बाकीचं बोलली. तू त्यांना उतरवून पुढच्या दिव्याला गेलीस. परत आलीस तेव्हा त्यांच्याकडे न येता समोरच्या, काकूंच्या किनाऱ्याशी होडी लावलीस आणि तिथून हाका मारत राहिलीस. ते इकडून हात हलवत होते. तिने ओढणी काढून हलवली. “त्यांचं तोंड आमच्याकडेच होतं,” ती म्हणाली, “पण त्या आम्हाला बघत नव्हत्या.” शेवटी तिच्या नवऱ्याने स्टीलची बाटली खडकावर आपटायला सुरुवात केली. तेव्हा तू आवाजाच्या रोखाने आलीस. आलीस ती हसत. म्हणालीस, “प्रवाह उलटा होता.”

“मी दातांची आहे,” ती मला म्हणाली, “पण मोतीबिंदू मलाही कळतो. दोन्ही डोळ्यांत आहे. डावा तर पार पिकलाय. त्यांना मी तिथेच विचारलं, तर म्हणाल्या, खारं पाणी गेलंय.”

ताई, पडदा निळा होता. गडद निळा, ठाणातला शेवटचा तुकडा. तू नको म्हणालीस म्हणून मुद्दाम तोच पाठवला. तुझ्याकडून चार शिव्या मिळाव्यात म्हणून. तू लिहिलंस, करडा छान आहे. मी ते वाचून हसले, मला वाटलं तू उलटी माझीच फिरकी घेते आहेस. आणि अक्षर मोठं झालं तेव्हा मी म्हटलं बाई निवांत झाली.

कधीपासून आहे हे? झाड पडलं तेही तुला दिसलं नाही का? खडकांच्या मधून होडी कशी नेतेस तू?

मी फोन केला तर उचलत नाहीस. रागावून लिहीत नाही. घाबरून लिहिते आहे. लगेच उत्तर पाठव.

शेपूट


३० जानेवारी

शेपूट,

लगेच उत्तर जमलं नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि कागद उलटा ठेवून उठले.

झाड पडलेलं मला माहीत आहे. ते पडलं तेव्हा मला मैलभरावरून दिसायचं. मोठं वादळ झालं होतं, दुसऱ्या दिवशी मी दिव्यांकडे गेले तर ते आडवं झालेलं. मी होडी लावली आणि बराच वेळ खोडावर बसून राहिले. तुला कळवलं नाही. तू तिकडे नवीन घरात, तान्ही मुलगी, तुझ्या मागे काय कमी होतं? मग कळवायचं राहूनच गेलं. आता तू इतक्या मायेने विचारलंस, ओणवं आहे का, केस धुणाऱ्या बाईसारखं. म्हटलं, आहे. तुझ्यासाठी केलं उभं. माझं काय जात होतं? आणि एकदा उभं केल्यावर पाहुण्यांना त्याच्या सावलीत बसायला सांगणं आलंच. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मात्र मला दिसलं नाही.

डोळ्यांचं खरं आहे. दोन पावसाळे झाले. आधी डाव्यात धुकं आलं, मग उजवाही त्याच्या नादी लागला. जवळचं चालतं. चष्मा लावून लिहिते, वाचते, तांदूळ निवडते. लांबचं म्हणजे ओल्या काचेतून. दिवे मला आवाजाने सापडतात. प्रत्येक खडकावर पाणी वेगळं फुटतं. काकूंच्या किनाऱ्याचं आणि आपल्या किनाऱ्याचं मात्र सारखंच फुटतं. झाड असतं तर पानांच्या आवाजावरून फरक कळला असता. म्हणून चुकले. त्या पोरांना उन्हात बसावं लागलं याचं मला वाईट वाटतं. डॉक्टरणीला सांग.

आता तू म्हणशील, ऑपरेशन करून घे, सोपं असतं. असतं. इथला डॉक्टर आमच्या बंदर कार्यालयातल्या साहेबांचा साडू आहे. मी त्याच्या दारात पाय ठेवला की दुपारपर्यंत साहेबांना कळेल, आणि संध्याकाळी होडी काढून घेतील. पाण्यावर आंधळी बाई कोण ठेवेल? मीही ठेवली नसती. पण होडी गेली की मी कोण, शेपूट? लग्न केलं नाही, दुसरं काही शिकले नाही. जमिनीवर मला कोणी ओळखतसुद्धा नाही. पाण्यावरून गेले की मासे पकडणारे हात वर करतात. हल्ली ते मला दिसत नाहीत, पण मी आपला हात वर करून ठेवते.

तिकडे ये म्हणशील. ते मला नाही जमायचं. बाबा तिकडच्याच दवाखान्यात गेले होते. मी धक्क्यावर उभी होते. बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते. मग पेटीतून आले. तू तिथे होतीस, तू त्यांना शेवटचं बघितलंस. मी मात्र धक्क्यावरच आहे, असं मला कधीकधी वाटतं. हसू नको. बाबांनी सांगितलं होतं, मी दिसेनासा झालो तरी जागा सोडायची नाही. कुणीतरी ऐकायला नको?

पडदा निळा आहे होय? मग तुझ्या चार शिव्या माझ्याकडे जमा. खिडकीतून निळा दिसत नाही हल्ली, तेव्हा असू दे. लटकू दे.

काळजी करू नको. मी हळू जाते.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी नवऱ्याला वाचून दाखवलं. झाड उभं केल्याचं ऐकून तो म्हणाला, “जास्तीच्या गोष्टी लावायची खोड तुमच्या घराण्यातच आहे.”

मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की मला लहानपण लख्ख आठवतं. आठवतं ते तू जसं ठेवलंस तसं. तेव्हा पाणी दिसू दिलं नाहीस, आता पडलेलं झाड दिसू दिलं नाहीस. तू माझ्यासाठी झाड उभं करत होतीस आणि मी इथे बसून तुझ्या अक्षरावर विनोद करत होते.

बाबांचं सांगते. तुला आजवर सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि मला तुझ्या दुःखात माझी लुडबुड नको होती. शेवटच्या दिवशी ते जागे होते. खाटेला खिडकी होती, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मला म्हणाले, “मोठी कुठाय?” मी म्हटलं, “बेटावर. दिव्यांना कोणी नको का?” तर मान हलवली आणि म्हणाले, “तिला कितीदा बसवून ठेवलं मी. न्यायला जायला हवं.” मला वाटलं, ग्लानीत बोलतायत, त्या झाडाच्या दिवशीचं. असेलही तसं. पण आज तुझं पत्र वाचल्यावर मला ते वाक्य दुसऱ्या तऱ्हेने ऐकू येतंय. ते न्यायला येऊ शकले नाहीत. येणार नव्हते असं नाही.

वाक्य अर्धं लिहिलं म्हणून तूच मला पकडलं होतंस ना? आता तू काय केलंस? ‘जागा सोडायची नाही’ लिहिलंस आणि पुढचं गिळलंस. पहिलं अर्धं तू दोघींच्या वाटचं पाळलंस, ताई. माझ्या वाटचंही. मी तर केव्हाच वेणी सोडवून पळाले. आता दुसरं अर्धं उरलंय, आणि हाक मारायला मी एकटी आहे.

ऐक. डॉक्टरणीच्या ओळखीचे एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पुढे. त्यांचा कुणी साडू बंदर खात्यात नाही, मी विचारून घेतलं. तुझी रजा किती साठली असेल ते साहेबांनाच माहीत. सांग, बहिणीकडे जाते, पडदे शिवायला तिला हात हवेत. खोटं नाही, खरंच हवेत. एक डोळा, मग थोडे दिवस गेले की दुसरा. तेवढे दिवस दिवे आपले आपण लागतील. पक्ष्यांनी प्लेटांवर कृपा केली तर जरा मंद लागतील. बाबांच्या वेळीही ते कधीकधी मंद लागायचे, जग बुडालं नाही.

मुलीने तुझ्यासाठी तिची खोली रिकामी केली आहे. तिथून समोर दुसरी खिडकी दिसते, दुसरं काही नाही. तुला तिथे झोप येणार नाही. तू रोज एकदा तरी म्हणशील की इथे पाण्याचा आवाज नाही. मी ते ऐकून घेईन.

आणि पट्टी निघाली की मी तुझ्याबरोबर परत येईन. ओहोटी बघून जाऊ. सुकाणू तुझ्या हातात, मी पुढे बसेन, गप्प. ओंडक्याशी होडी बांधू आणि खडकातल्या त्या वाटेने जाऊ, या वेळी तू पुढे आणि मी तुझी वेणी धरून. मला ‘पलीकडचा’ बघायचाय, पण त्याहून जास्त तो बघताना तुला बघायचंय. वाळू अजून पांढरी आहे का ते तू मला सांगायचं. खरं काय ते सांगायचं. करडी झाली असेल तर करडी.

येत्या शनिवारच्या बोटीने मी येते आहे. बोट धक्क्याला लागते आणि माणसं चढली-उतरली की तशीच परत फिरते, तुला ठाऊकच आहे. मी कठड्याशी उभी असेन. तुला मी दिसणार नाही, पण आवाज ओळखशील. सामान घेऊ नकोस, लुगडी माझ्याकडे आहेत.

मला माहीत आहे तू काय करशील. धक्क्यावर येशील, बादली हातात घेऊन, म्हणजे मला कळावं की तू कामात आहेस. खालून ओरडशील की वेडी झालीस का, दिवे कोण पुसणार, उगाच कशाला आलीस. मग म्हणशील पावसाळा होऊ दे, मग बघू. तू ‘नाही’ म्हणणार, ताई. तुझं ‘नाही’ मला इथूनच ऐकू येतंय.

तरी शनिवारी मी हाक मारीन. दुसरी मारायला लावू नकोस. पहिल्या हाकेला बोटीत बस.

तुझी शेपूट